क्योटोच्या आजी आणि वांग्याची म्हण

मैत्रिणींनो, परक्या गावी गेलं की आपण काय बघतो? देवळं, बागा आणि बाजार. परतताना पिशवीत चार शोभेच्या वस्तू कोंबून आणतो. मी मात्र जपानहून आले ती म्हणी घेऊन. त्यांना वजन नसतं, आणि विमानतळावर त्या उघडून दाखवा असंही कुणी म्हणत नाही!

त्याचं असं झालं, माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त क्योटोला असतो. भावजयीला पाचवा महिना लागला होता, घरात थोरलं माणूस कुणी नाही, म्हणून ऑक्टोबरात मी तीन आठवडे तिच्याकडे गेले. भाऊ सकाळी जायचा तो रात्री यायचा. मग आम्हां दोघींना गाव दाखवलं ते शेजारच्या आजींनी. या आजी निवृत्त शिक्षिका, शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मीही अर्धवेळ का होईना पण बाईच, त्यामुळे आमचं लगेच जमलं. जपानीत आजीला ‘ओबाआसान’ म्हणतात. भावजय त्यांना तशीच हाक मारते. आणि या आजींना दर दहा पावलांवर एक म्हण आठवायची, अगदी आपल्याकडच्या आज्यांसारखी.

पहिल्या दिवशी आम्ही कियोमिझु-देरा या देवळात गेलो. क्योटोच्या पूर्वेला डोंगरउतारावर हे कान्नोनचं देऊळ आहे. कान्नोन म्हणजे मूळचा आपला अवलोकितेश्वर. इथल्या मूर्तीला अकरा मुखं आहेत, आणि तसाच अकरा मुखांचा अवलोकितेश्वर मुंबईजवळ कान्हेरीच्या लेण्यातही कोरलेला आहे. देवळापुढे दरीवर झेपावलेला भला मोठा लाकडी सज्जा आहे. १६३३ साली बांधलेला, सुमारे १३ मीटर उंच, म्हणजे चार मजली घराएवढा. खालचे थोराड खांब नि तुळया खिळे न ठोकता एकमेकांत गुंतवल्या आहेत.

“मोठं धाडस करायचं असलं की आम्ही म्हणतो, कियोमिझूच्या सज्जावरून उडी मारली,” आजी म्हणाल्या. मला वाटलं, नुसतं बोलणं असेल. पण नाही हो! पूर्वी लोक खरोखरच उड्या मारीत. उडी मारून वाचलं तर मनातली इच्छा पुरी होते, असा समज होता. देवळाच्या नोंदींत १६९४ ते १८६४ या काळातल्या २३४ उड्या लिहिलेल्या आहेत. खाली झाडी होती म्हणून बरेचजण वाचले. शेवटी १८७२ मध्ये सरकारने बंदी घातली. आता ही म्हण कशासाठी वापरतात, ठाऊक आहे? आजींनी हळूच सांगितलं, “महागडा किमोनो घेतला की मी यजमानांना असंच सांगायची.” पैठणी घेताना आपलंही काय वेगळं होतं!

दुसरी म्हण बघायला आगगाडीने गेलो. क्योटोहून दहा मिनिटांवर ओत्सू, बिवा सरोवराच्या काठी. हे जपानातलं सर्वांत मोठं सरोवर, साधारण ६७० चौरस किलोमीटरांचं. जुन्या काळी पूर्वेकडून क्योटोला पायी येणाऱ्यांपुढे इथे दोन वाटा असत. याबासे गावाहून होडी धरायची, नाहीतर वळसा घालून सेताच्या लांब पुलावरून चालत यायचं. होडीची वाट जवळची खरी, पण हिएइ डोंगरावरून वारा सुटला की होड्या अडकायच्या, उलटायच्यासुद्धा. पुलावरून जाणारा उशिरा पण ठरल्यासारखा पोचायचा. त्यावरून म्हण पडली, ‘इसोगाबा मावारे’, म्हणजे घाई असेल तर वळसा घाल. आज त्या पुलावरून मोटारी धावतात. पण कठड्यापाशी उभं राहिल्यावर मला आमची सकाळची घाई आठवली. कुकर चढवायचा, डबे भरायचे, आणि घाईत डाळ न भिजवता लावली की ती शेवटी दोनदा शिजवावी लागते. अति घाई संकटात नेई, दुसरं काय!

घरी आल्यावर आजींनी एक डबा उघडला. आत म्हणींचे पत्ते. याला ‘इरोहा कारुता’ म्हणतात. जुन्या वर्णमालेच्या ४७ अक्षरांच्या ४७ म्हणी आणि अठ्ठेचाळिसावी ‘क्यो’ म्हणजे राजधानीच्या नावाची. एकाने म्हण वाचायची, बाकीच्यांनी जमिनीवर मांडलेल्या पत्त्यांतून नेमका पत्ता झटकन उचलायचा. नव्या वर्षाच्या सुट्टीत मुलं हा खेळ खेळतात आणि खेळता खेळता म्हणी पाठ होतात. (वर्गात करून बघण्यासारखं आहे, मी तर करणारच आहे.) आमच्या-तुमच्या म्हणींची जुळणी करताना वेळ कसा गेला कळलं नाही. रडक्या तोंडाला गांधीलमाशी चावते, म्हणजे आपला दुष्काळात तेरावा महिना. घोड्याच्या कानाशी बुद्धाचा नामजप, ही तर थेट आपली गाढवापुढे वाचलेली गीता! माकडही झाडावरून पडतं, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही कधी चुकतं.

एका पत्त्यावर कुत्रा होता. ‘कुत्रा चालू लागला की काठीला अडखळतो.’ याचा अर्थ काय, मी विचारलं. आजी म्हणाल्या, “दोन अर्थ आहेत. कुणी म्हणतं, उगाच हिंडाल तर मार खाल. कुणी म्हणतं, हिंडत राहा, काहीतरी चांगलं हाती लागेल.” आता यातला खरा कोणता? आजी हसून म्हणाल्या, “ते ऐकणाऱ्यावर आहे.”

मी ते बोलणं हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी ते माझ्याच अंगावर आलं.

त्या दिवशी निशिकी बाजारात गेलो होतो. जेमतेम चारशे मीटर लांबीची, वरून छप्पर घातलेली अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना शंभरावर दुकानं, लोणची, मासे, टोफू, चहा, सुऱ्या. क्योटोचं स्वयंपाकघरच म्हणतात तिला. एका दुकानात वांगी मांडली होती. जांभळी, तुकतुकीत, देठ अगदी ताजे. काही लांबट, तर काही चेंडूसारखी गोल गरगरीत. ही गोल जात क्योटोचीच, तिला ‘कामो-नासु’ म्हणतात. मधोमध कापून तळतात किंवा भाजतात आणि वर गोडसर मिसो फासतात. भावजयीचा हात आपसूक त्या वांग्यांकडे गेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तुला नको हं वांगं. या दिवसांत नाही खायचं.”

तिने हात मागे घेतला. बोलली काहीच नाही. पण तिचा चेहरा मी ओळखला. बारा वर्षांपूर्वी तो माझा होता.

चंपाषष्ठी होती. चातुर्मास सुरू झाल्यापासून घरात वांगं आलेलं नव्हतं. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, भाजलेल्या वांग्याचा वास घरभर. मला सहावा महिना. सगळ्यांच्या पानात भरीत वाढलं आणि माझ्या पानात सासूबाईंनी दोडक्याची भाजी घातली. “तुला नको,” एवढंच म्हणाल्या. मी मुकाट्याने जेवले, पण ते भरीत मनात राहिलं ते राहिलंच. पुढे कितीदा केलं, खाल्लं, तरी त्या पानातलं नाही विसरले.

आजींनी काय झालं ते विचारलं. सांगितल्यावर त्या मोठ्याने हसल्या. “अहो, आमच्याकडे तर याची म्हणच आहे! आकि-नासु वा योमे नि कुवासु ना. शरदातलं वांगं सुनेला खाऊ घालू नका.” शरदातलं वांगं कोवळं, कमी बियांचं, सर्वांत चवदार. ते सुनेला कशाला, असा सासूचा आपमतलबीपणा, हा एक अर्थ. दुसरा अर्थ अगदी उलट. वांगं अंगात थंडावा आणतं, सुनेला बाधेल. शिवाय बिया कमी, म्हणजे वंशाला बरं नाही. म्हणून काळजीने नको म्हणायचं. “आजवर दोन्ही अर्थ चालत आलेत,” आजी म्हणाल्या. “सुना पहिला सांगतात, सासवा दुसरा.”

मैत्रिणींनो, हजारो मैलांवर तेच वांगं, तीच सून आणि तीच सासू! आपण वातूळ म्हणतो, ते थंड म्हणतात, एवढाच काय तो फरक.

रात्री मी घरी फोन लावला. सासूबाईंना म्हण सांगितली, अर्थ दोन्ही सांगितले. त्या आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, “अगं, माझ्या सासूबाईंनी मला दिलं नव्हतं, म्हणून मी तुला दिलं नाही. का, ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तुला राग आला होता का गं तेव्हा?”

“हो आई, आला होता.”

“मग बोलायचंस की त्याच वेळी. बारा वर्षं कशाला धरून ठेवलंस?”

काय उत्तर देणार? त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काळजी होती की नुसता रिवाज होता, हे त्यांनाही नीट उमगलं नव्हतं. मी मात्र सोयीचा तेवढा अर्थ घेऊन बसले होते. आणि आता नणंद म्हणून तेच भावजयीच्या पानात वाढायला निघाले होते, तेही कारण न सांगता. डॉक्टरांनी तिला वांग्याची मनाई मुळीच केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच निशिकीत गेले आणि दोन गोल वांगी घेऊन आले. आजींनी मिसो कसा फासायचा ते शिकवलं. भावजयीने दोन फोडी मागून घेतल्या, आणि मग म्हणाली, “ताई, काल मला फार वाईट वाटलं होतं.” तिने दुसऱ्याच दिवशी बोलून टाकलं. माझ्यापेक्षा शहाणी!

तुमच्याही मनात असं एखादं वांगं असेलच. कुणी ‘नको’ म्हटलं आणि का ते सांगितलं नाही, असं. ज्यांनी म्हटलं त्या असतील तर विचारून टाका, आणि आपण कुणाला ‘नको’ म्हणणार असू तर पुढे दोन शब्दांचं कारणही सांगू या. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. ते दिवस मोजत बसण्यापेक्षा एका पानात जेवलेलं बरं.

यंदाच्या चंपाषष्ठीला वांगी भाजायचं काम सासूबाईंनी माझ्याकडे दिलंय. पहिला घास कुणी घ्यायचा, यावर मात्र आत्तापासूनच आमचं भांडण सुरू आहे. त्या म्हणतात तू घे, मी म्हणते तुम्ही.