अक्काची कुपी

चेहऱ्याला काही लावावे की लावू नये, हा प्रश्न आपल्या समाजाने फार पूर्वीच निकालात काढला आहे. दिवाळीचे उटणे, लग्नातली हळद, दुधावरची साय आणि डाळीचे पीठ यांस कोणी नटवेपणा म्हणत नाही. मात्र सहासष्ट वर्षांच्या विधवेने दीड हजार रुपयांची तीस मिलिलिटरची कुपी मागविली, की घरातील सुना एकमेकींकडे पाहून हसतात. बेळगावात टिळकवाडीला आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी गेल्या महिन्यात असेच घडले. अक्काने चौतीस वर्षे शाळेत शिकविले. पैसे तिच्या निवृत्तिवेतनाचे. कुपी आमच्या हाती देऊन ती म्हणाली, "यातलं पेप्टाइड म्हणजे काय, ते वाचून सांग. पैसे पाण्यात जात असतील तर तसंही सांग."

प्रश्न शिक्षिकेचा होता. मोघम उत्तर देऊन सुटका होण्यासारखी नव्हती.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. तीच लांब होऊन ठरावीक रीतीने दुमडली, म्हणजे तिला प्रथिन म्हणतात. अक्काच्या कुपीत होते 'पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड-४'. लायसिन, थ्रिओनिन, पुन्हा थ्रिओनिन, पुन्हा लायसिन आणि शेवटी सेरिन असे हे पाच मणी, आणि त्यांना जोडलेली पाल्मिटिक आम्लाची स्निग्ध शेपटी. त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेनच्या पूर्वरूपात हेच मणी याच क्रमाने आढळतात. हा तुकडा प्रयोगशाळेतील पेशींना दिला असता त्या अधिक कोलॅजेन बनवू लागतात, असे १९९३ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. भिंतीचा गिलावा सुटून अंगणात पडावा आणि तो पाहून गवंड्याने थापी उचलावी, तसा काहीसा हा प्रकार.

परंतु काचपात्रातील पेशी वेगळ्या आणि माणसाचा चेहरा वेगळा. त्वचेचे कामच मुळी बाहेरचे बाहेर ठेवण्याचे. ५०० डाल्टनहून जड रेणू तिच्यातून सहसा आत उतरत नाहीत, असा ढोबळ नियम २००० साली मांडला गेला. आणि हा रेणू तर ८०० च्या घरातला. स्निग्ध शेपटी जोडली आहे ती त्याला वाट मिळावी म्हणून. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९३ स्त्रियांनी बारा आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूस हे पेप्टाइड असलेले मलम लावले, दुसऱ्या बाजूस नसलेले. प्रमाण दहा लाख भागांत अवघे तीन. पेप्टाइडच्या बाजूच्या सुरकुत्या थोड्या उतरल्या, थोड्याच. चाचणी प्रसाधने विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांची आणि स्त्रिया साऱ्या गोऱ्या वंशाच्या. आमच्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांची त्यात साक्ष नाही.

उलट उन्हाविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालील ९०३ जणांवर साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले. रोज सनस्क्रीन लावण्यास सांगितलेल्यांच्या त्वचेवर त्या काळात वार्धक्याची वाढ दिसून आली नाही. अतिनील किरण कोलॅजेन मोडतात. मोडणे थांबविल्याशिवाय गवंड्याला हाका मारण्यात अर्थ नाही.

अक्काने सारे ऐकून घेतले. "म्हणजे माझी कुपी खोटारडी नाही, बडबडी आहे," ती म्हणाली. वर्गातल्या एखाद्या पोराविषयी बोलावे तशी. मग थोडे थांबून म्हणाली, "हे गेल्यापासून आरशात बघणंच सोडलं होतं मी. रात्री तोंड धुऊन चार थेंब लावते, तेवढा वेळ तरी बघते."

यावर आम्ही काही बोललो नाही. ९३ स्त्रियांच्या चाचणीत हा रकाना नव्हता.

ठरले ते असे: सकाळी भाजीला निघण्यापूर्वी सनस्क्रीन, तेही मानेवर आणि हातांच्या पाठीवरसुद्धा, कुपीचे थेंब रात्रीच. ती संपल्यावर दुसरी घ्यावी की नाही, हे अक्का आपला हिशेब पाहून ठरवील. पहिल्या दिवसाची खूण तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत केली आहे आणि बारा आठवडे मोजून पुढे दुसरी. तोपर्यंत तिला कोणी काही विचारायचे नाही, अशी सुनांना ताकीद आहे.