मापात पाप

मनुष्य स्वतःस न्यायी समजतो, तो बहुधा आपल्या हातून घडलेला अन्याय त्यास कळलेला नसतो म्हणून. आमचीही स्वतःविषयीची समजूत गतवर्षीच्या दिवाळीपर्यंत अशीच अखंड होती. तीस वर्षे आम्ही महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो. पुराव्यावाचून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यांचे निबंध तांबड्या शाईने रंगविण्यात आमची हयात गेली. असे असता, अकरा वर्षे आमच्या घरी दुधाचा रतीब घालणाऱ्या गवळ्यास आम्ही चार दिवसांत चोर ठरविले. ही हकीकत सांगण्यात भूषण नाही हे आम्ही जाणतो; परंतु तिच्यातून जे शिकलो ते वाचकांपैकी पुष्कळांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ती लिहीत आहो.

त्याचे असे झाले. शेजारच्या गृहस्थांनी एके सायंकाळी दूधवाल्यांच्या लबाडीचे पुराण लावले आणि आमच्या मनात विकल्प शिरला. दुसऱ्याच दिवशी आम्ही शास्त्रीय उपकरणांच्या दुकानातून लिटरभर मापाची काचेची नळी आणली. सकाळी पातेल्यात घेतलेले दूध आत नेऊन नळीत ओतावयाचे आणि आकडा टिपून ठेवावयाचा, असा क्रम सुरू झाला. चार दिवसांचे आकडे आले ते असे: ९५५, ९९५, ९८५ आणि ९८५ मिलिलिटर. सरासरी ९८०. म्हणजे रोजची तूट २० मिलिलिटर! अकरा वर्षांचा गुणाकार करता सुमारे ऐंशी लिटर दूध निघाले, आणि आमचा संताप त्या ऐंशी लिटरांच्या मानाने वाढला. पाचव्या दिवशी आम्ही तो कागद गवळ्यापुढे धरला. त्याने कागदाकडे पाहिले नाही, आमच्याकडे पाहिले. "सर, मापात पाप करायचं असतं, तर एकाच जिन्यानं अकरा वर्षं वर आलो नसतो," एवढे बोलून तो खाली उतरला. रतीब तुटला.

दिवाळीस आमची कन्या घरी आली. संख्याशास्त्र हा तिचा विषय. चहाची चव निराळी का, असे तिने विचारताच आम्ही मोठ्या विजयाने तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचून इतकेच विचारले, "बाबा, चारच दिवस?" आणि पेन्सिल मागितली.

तिने जे समजावून दिले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. कोणाही माणसाच्या हातून रोज नेमके १००० मिलिलिटर पडत नाही. एखादे दिवशी हात आखडतो, एखादे दिवशी सैल सुटतो. गवळ्याने घातलेल्या आणि घालावयाच्या सर्व मापांचा जो समुदाय, त्याला शास्त्रात समष्टी म्हणतात. तिची खरी सरासरी आपणांस दिसत नाही. दिसतो तो चार मापांचा नमुना. म्हणून प्रथम असे गृहीत धरावयाचे की, खरी सरासरी १००० च आहे, म्हणजे गवळी सचोटीचा आहे. ही शून्य परिकल्पना. मग विचारावयाचे की, हे गृहीत खरे असता केवळ योगायोगाने एवढे अंतर पडणे कितपत संभवनीय आहे? ते फारच असंभवनीय ठरले तरच गृहीत सोडावयाचे. न्यायालयात आरोपीस निर्दोष मानून खटला चालवितात, तशातलाच हा प्रकार.

तिने आकडेमोड केली. मापांचा परस्परांतील चढउतार, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, तो १७.३२ निघाला. त्याला ४ च्या वर्गमुळाने भागिले असता सरासरीची प्रमाण त्रुटी ८.६६ आली. २० ची तूट म्हणजे या त्रुटीच्या २.३१ पट. मोठ्या नमुन्यांसाठी केलेल्या जुन्या कोष्टकात १.९६ च्या पुढे गेलेला आकडा संशयास्पद समजतात. "मग ठरलाच की तो चोर!" आम्ही म्हणालो. "त्या कोष्टकाने ठरला असता," ती म्हणाली, "पण ते चार मापांसाठी नाही." आणि तिने आम्हांस डब्लिनच्या एका गृहस्थाची कथा सांगितली.

विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डचा पदवीधर १८९९ साली गिनेसच्या बिअरच्या कारखान्यात नोकरीस लागला. तेथे जवाच्या जाती आणि मालाचा कस यांविषयी निर्णय करावयाचे असत, आणि हाती मोजकेच प्रयोग असत. त्या काळचे संख्याशास्त्र शेकड्यांनी मोजलेल्या नमुन्यांवर उभे होते. थोड्या नमुन्यात चढउताराचा अंदाजही त्या थोड्यांवरूनच बांधावा लागतो. तो अंदाजच डळमळीत असल्यामुळे जुने कोष्टक वाजवीपेक्षा अधिक खात्री देते, हे गॉसेटच्या ध्यानात आले. त्याने ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचे आकडे घेतले, ते पत्त्यांवर लिहून पत्ते पिसले, आणि चार-चारांचे ७५० नमुने करून आपले गणित पडताळून पाहिले. तो लेख १९०८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कारखान्याच्या नियमामुळे त्यावर त्याचे नाव नव्हते. 'स्टूडंट', म्हणजे विद्यार्थी, एवढीच सही होती. पुढे १९२५ साली रोनाल्ड फिशरने आपल्या ग्रंथात या पद्धतीस आजचे रूप दिले आणि ती सर्वत्र रूढ झाली.

या विद्यार्थ्याच्या कोष्टकाप्रमाणे चार मापांसाठी मर्यादा १.९६ नव्हे, ३.१८ आहे. आमचा आकडा २.३१. जुन्या कोष्टकाने असा योगायोग शंभरात दोनदाच घडावा. नव्याने तो शंभरात दहाहून अधिक वेळा घडू शकतो. शंभरात पाच ही रूढ मर्यादाही फिशरने सोय म्हणून सुचविलेली, ईश्वराने घालून दिलेली नव्हे. परंतु तिच्याही अलीकडेच गवळी उभा होता. सोळा दिवस मोजले असते आणि तूट व चढउतार तेवढेच राहते, तर प्रमाण त्रुटी निम्म्यावर येऊन आकडा ४.६२ झाला असता आणि तूट निःसंशय ठरली असती. म्हणजे आम्हांस आणखी बारा दिवसांचा धीर हवा होता. अकरा वर्षांच्या परिचयास आम्ही तेवढाही दिला नाही.

हे सर्व ऐकत असलेल्या आमच्या सहधर्मचारिणी इतक्यात म्हणाल्या, "आणि तूट निघाली असती तरी ती त्याचीच कशावरून? पातेल्याला किती दूध चिकटून राहतं, ते घासणाऱ्याला विचारा." नळीने मोजून घेतलेले लिटरभर दूध आम्ही पातेल्यात ओतले आणि पुन्हा नळीत घेतले. ते पुरते भरले नाही. तूट आहे की नाही एवढेच गणित सांगते. ती कोणाची, हे आपले आपणच शोधावे लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गवळ्याच्या गोठ्यावर गेलो. तो पेंड कालवीत होता. आमची चूक झाली, हे आम्ही स्पष्ट सांगितले आणि कारणही सांगितले. त्याने हात न थांबविता विचारले, "म्हणजे मी चोर नाही, असं तुमच्या गणितात निघालं?"

हा प्रश्न आमच्या अपेक्षेबाहेरचा होता. होय म्हणणे सोपे होते, परंतु ते खरे नव्हते. परिकल्पना नाकारता आली नाही म्हणून ती सिद्ध होत नाही; चार मापांत लहानसहान चोरीही सुखाने लपू शकते. "गणित तसं म्हणत नाही," आम्ही म्हणालो. "तुम्हांला चोर म्हणायला आमच्यापाशी पुरेसा आधार नव्हता, एवढंच ते म्हणतं. तुम्ही चोर नाही, हे आम्ही म्हणतो आहोत. अकरा वर्षांवरून."

तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुमचं दूध दुसऱ्या घरी लावलं, सर. अर्धा लिटर उरतं. चालत असेल तर घालीन."

संशय घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. संसारात तो घ्यावाच लागतो. परंतु पुरावा अपुरा असेल तेव्हा मोजणे चालू ठेवावे आणि निवाडा थांबवावा, एवढे त्या डब्लिनच्या विद्यार्थ्याने आम्हां अध्यापकांस शिकविले. तेव्हापासून गवळ्याचे अर्धा लिटर येते आणि उरलेले अर्धे आम्ही दुकानातून पिशवीचे आणतो. सकाळी पातेले घेऊन दाराशी जाण्याचे काम पूर्वी घरात कोणीही करी. आता ते आम्हीच करतो.