निरपराध आरोपी

वडिलांचा आवाज आमच्या घरी एका कॅसेटपुरता उरला आहे. १९९१ सालच्या श्रावणात, फोंड्याजवळच्या आमच्या देवळातील भजनी सप्ताहात, पहाटेच्या प्रहराला त्यांनी गायिलेले अभंग कुणा हौशी भजनकऱ्याने टिपून ठेवले. त्यांच्या श्राद्धतिथीला संध्याकाळी ती कॅसेट लावावयाची, हा आमचा परिपाठ. गेल्या वर्षी स्वरांच्या मागून एक जाड घुरघुर येऊ लागली. आई म्हणाली, "ह्यांचा घसा बसल्यासारखा वाटतो रे."

ते वाक्य मला झोपू देईना. मी कॅसेट डेक उघडला. त्याच्या वीजपुरवठ्यात ७८१२ ह्या क्रमांकाचा तीन पायांचा रेग्युलेटर होता. मागून येणारा दाब कमीजास्त झाला तरी पुढे नेमके १२ व्होल्ट पोचविणे, हे त्याचे काम. पुरवठा गढूळ, म्हणजे दोष त्याचाच, असे मी ठरवून टाकले. एलएम ३१७ हा त्याहून निर्मळ पुरवठा देतो, अशी कीर्ती वाचनात आली होती. तो विकत घेतला आणि बाजारातल्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो.

त्याने सारे ऐकून घेतले आणि म्हटले, "वकीलबाब, गुन्यांवकार कोण तें पयलीं पळयात, ख्यास्त मागीर."

त्याने कोरी कॅसेट लावली. घुरघुर कायम, म्हणजे दोष यंत्राचा, फितीचा नव्हे. मग मीटरची टोके रेग्युलेटरच्या अलीकडे टेकविली आणि मला समजावून सांगितले. घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ती एकदिश केली की सेकंदाला १०० लाटा होतात. दोन लाटांमधला खळगा भरून काढावयाचा तो मोठ्या कंडेन्सरने. तो वयोमानाने आतून सुकला होता. रेग्युलेटरला १२ व्होल्ट द्यावयाचे तर हाती सुमारे १४ तरी हवेत. प्रत्येक खळग्यात त्याला तेवढे मिळत नव्हते. पदरी नाही ते तो बिचारा कोठून देणार? नव्यालाही जवळजवळ तेवढीच शिल्लक लागते. तोही तितकाच हतबल ठरला असता.

शिवाय दोघांच्या पायांचा क्रम निराळा. जुन्याची धातूची पाठ आतून भूमीला जोडलेली, तर नव्याची बाहेर जाणाऱ्या पुरवठ्याला. मध्ये अभ्रकाचा पत्रा न घालता तो तसाच सांगाड्याला आवळला असता, तर तो पुरवठाच भूमीला भिडला असता. सुधारणेच्या नावाने मी काय करावयास निघालो होतो, हे तेव्हा उमगले.

दुसरी बाजू ऐकल्यावाचून निवाडा करू नये, असे मी न्यायालयात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. घरी मात्र साक्षीपुराव्यावाचून शिक्षा ठोठावून मोकळा झालो होतो.

२२०० मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर, धन-ऋण टोके नीट पाहून, बसविला. रेग्युलेटर जुनाच राहिला. कोरी कॅसेट आता मुकी झाली. वडिलांची लावली तेव्हा मात्र अभंगांच्या तळाशी एक अगदी बारीक गुणगुण उरलीच. ती त्या पहाटे देवळातच फितीवर उतरलेली. तिला कोणताही रेग्युलेटर काढू शकणार नाही, आणि ती जावी असे मला वाटतही नाही.

आई डोळे मिटून ऐकत होती. अभंग संपल्यावर एवढेच म्हणाली, "आता घसा मोकळा झाला."