पंधरा अंश पुरेत

घरात चढाईची भिंत उभारायची म्हटली की आराखडा हटकून परदेशातून येतो. ब्रिटिश चढाईपटू बेन मून यांच्या मूनबोर्डची 40 अंश मागे झुकलेली पाटी मनात भरलेली असते आणि भोसरीतल्या फॅब्रिकेशनवाल्यापुढे तेच चित्र धरलं जातं. घरची भिंत वापरणारा म्हणून माझं म्हणणं असं, की ज्याला सह्याद्रीत चढायचंय त्यानं हा कल 15 अंशांवर आणावा. जर्मन चढाईपटू वोल्फगांग ग्युलिशनं 1988 साली न्यूरेंबर्गला पाय न लावता चढायची कॅम्पस बोर्डाची फळी बसवली. 1991 मध्ये फ्रांकेनयुरातला 'अॅक्शन डिरेक्ट' हा मार्ग त्यानं सर केला, तो एक-दोन बोटं मावतील अशा भोकांवर झेपा घेत. त्याची फळी त्याच्या चुनखडीला साजेशी होती. आपला कातळ बेसॉल्टचा. तैलबैला असो, नागफणी असो की जीवधनशेजारचा वानरलिंगी, तिथं बरीचशी चढाई उभ्या कातळावर, पेरभर खाचांवर होते आणि भार पायांनी उचलायचा असतो. बुटाचं टोक अर्ध्या इंचावर टेकवून त्यावर निर्धास्त उभं राहणं ही तिथली खरी परीक्षा, आणि 40 अंशांवर लोंबकळून ती सवय लागत नाही.

जागेचा हिशेबही याच बाजूनं आहे. आठ फुटी प्लायवूड 40 अंशांवर झुकवलं तर ते खोलीत पाच फूट पुढं येतं; 15 अंशांवर दोनच. नव्या सोसायट्यांतल्या भिंती बहुधा हलक्या एएसी ब्लॉकच्या, त्यात अँकर ठोकून माणसाचं वजन लटकवणं हा वेडेपणा. त्यापेक्षा चौकोनी पाइपांची, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी चौकट वेल्ड करून घ्यावी, त्यावर 18 मिलिमीटरचं प्लाय आणि 20 सेंटिमीटरवर टी-नट. होल्डसाठी रेझिनवर पैसे ओतायची गरज नाही. चाकणला यंत्रं ज्या पेट्यांतून येतात त्यांचं पाइन भंगारात मिळतं. खिळे उपसून, पट्ट्या कापून, 20 मिलिमीटरची कड रंध्यानं जराशी गोल केली की बोटाला लाकूड रेझिनपेक्षा मऊ लागतं, कातडी टिकते. पायाचे होल्ड मात्र मुद्दाम किरकोळ ठेवावेत, हाताच्या निम्म्या जाडीचे. आठ फुटांत वर जायला जागा नाही, तेव्हा आडवं चढायचं: डावीकडून उजवीकडे, परत, दहा-पंधरा मिनिटं न उतरता.

यावर कोकणकड्याचं नाव पुढं केलं जाईल. तो तर अंगावर येतो. खरंय. पण तशा झुकावावर आपल्याकडे बरंचसं काम बोल्ट आणि शिड्यांच्या आधारानं होतं, तिथं बोटांच्या ताकदीआधी दोराची शिस्त लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चिंचवडहून लोकलनं लोणावळा गाठता येत असताना घरात लाकूड कशाला चढायचं? कारण जून ते सप्टेंबर कातळ ओला आणि शेवाळलेला असतो, आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्याची साप्ताहिक सुट्टी रविवारीच येईल असं नाही. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, बोटांच्या कंडरा मात्र कित्येक महिने घेतात. त्यांना थोडं थोडं पण नेमानं काम हवं, ते महिन्यातल्या दोन रविवारांनी होत नाही. तीव्र कलावर नवख्याची बोटं दुखावतात तीही याचमुळे.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. घरच्या भिंतीवर प्रत्येक होल्ड बोल्टनं आवळलेला असतो, त्यामुळे हात आंधळेपणानं विश्वास टाकायला शिकतात. बेसॉल्टवर दगड आधी बोटाच्या गाठीनं ठोकायचा, पोकळ वाजला तर सोडून द्यायचा. लाकूड हे शिकवूच शकत नाही. म्हणून पावसाळ्यानंतरची पहिली चढाई, बोटं कितीही तयार असोत, सोप्या वाटेवर आणि वरून दोर लावूनच करावी.