आमच्या वतीने कोण बोलतो?

आमच्या समाजाविषयी काही वाद उठला की कोणीतरी माइक घेऊन येतो आणि विचारतो, "तुमच्यातले बोलणारे कोण?" मग एखादे मौलाना पुढे केले जातात, नाहीतर एखादा सुधारक. आम्ही मागच्या रांगेत. म्हणूनच मेक्सिकोतील आदिवासींच्या बंडांची हकिकत वाचताना आम्ही थबकलो.

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापासमध्ये 1712 साली कान्कुक गावच्या मारिया या त्सेल्ताल मुलीने सांगितले, की बीबी मरियमने आपल्याला दर्शन दिले. गावाने तिथे प्रार्थनाघर बांधले. चटईच्या पडद्याआडून ती मरियमचा शब्द लोकांना सांगे. त्या शब्दावर अनेक गावे स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठली. पुढे 1850 मध्ये युकातानच्या हरत आलेल्या मायांना एका क्रुसातून हुकूम येऊ लागले. क्रुसामागे बोलणारा माणूसच होता. पण त्या क्रुसाभोवती वसलेले ठाणे 1901 पर्यंत टिकले. गरिबाचे कोणी ऐकत नाही, म्हणून त्याला आभाळाच्या तोंडून बोलावे लागते.

1 जानेवारी 1994 रोजी चियापासमध्येच झापातिस्तांनी बंड केले. या वेळी बोलणारा होता उपसेनानी मार्कोस. शहरातून आलेला, आदिवासी नसलेला, चेहरा झाकलेला, तोंडात पाइप. त्याच्या पत्रांनी जगाला वेड लावले. आदिवासी मागे राहिले, मार्कोस मात्र घरोघरी पोहोचला.

28 मार्च 2001 रोजी झापातिस्तांना संसदेत बोलायला मिळाले. सगळे मार्कोसची वाट पाहत होते. तो आलाच नाही. उभी राहिली एस्तेर, एक आदिवासी बाई. तिने सांगितले, की हुकूम देणारे सेनानी आम्ही आहोत, मार्कोस उपसेनानी आहे. आदिवासींना स्वायत्तता दिली तर त्यांच्या चालीरीती बायकांना चिरडतील, असे विरोधक म्हणत होते. तिचे उत्तर सरळ होते: कोणत्या चाली वाईट, ते आम्हा बायकांना कळते, आजचा कायदा तरी आम्हाला कुठे माणूस मानतो?

त्या वर्षी झालेला कायदा झापातिस्तांना मान्य झाला नाही. पण माइक जिचा होता तिच्या हाती गेला. 2014 मध्ये मार्कोसने आपले ते सोंग संपल्याचे जाहीर केले. प्रवक्ता म्हणून मोइसेस हा आदिवासीच पुढे आला.

हे वाचून आम्हाला 18 एप्रिल 1966 आठवला. त्या दिवशी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. हमीदभाईंचे नाव आम्हाला पाठ आहे. त्या सातजणींची नावे विचारली तर आमची सगळी मजलिस गप्प होते. तोंडी तलाकचा खटलाही 2017 मध्ये बायांनीच जिंकला, आणि वाहिन्यांवर वाद घालत बसले ते बहुतेक पुरुषच, दोन्ही बाजूंचे.

आम्ही लिहिणारेही त्यातलेच. पुढच्या वेळी कोणी "तुमच्यातले बोलणारे कोण?" म्हणून विचारले, तर आधी आम्हाला थोडे बाजूला सरकता आले पाहिजे.