इंजिन, ब्रेक आणि नोंदणीपत्र

मोटारीच्या इंजिनासंबंधी इतिहासाच्या शिक्षकाने लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांना काहीसे अनपेक्षित वाटेल. परंतु आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेले जे विद्यार्थी वकील, प्राध्यापक वा अधिकारी झाले, त्यांच्याविषयी अशा अंकांतून पुष्कळ लिहिले जाते. ज्यांनी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून हातात पाना घेतला, त्यांच्या विद्येविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. त्या विद्येतील एक प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्याच दारात येऊन उभा राहिला होता. जुन्या छोट्या मोटारीत अधिक ताकदीचे इंजिन बसवावे काय, असा तो साधा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने आम्हांला जे शिकविले, ते येथे नोंदवून ठेवावे असे वाटते.

आमच्याकडे १९९७ सालची मारुती झेन होती. दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. झेन ही गाडी १९९३ साली बाजारात आली. चार सिलिंडरचे ९९३ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुमारे ५० अश्वशक्ती आणि गाडीचे वजन पाऊण टनाच्या आसपास. गाडी आमची असली तरी तिचा निम्मा उपयोग वसतिगृहाचाच होता. रात्री-अपरात्री एखाद्या मुलाला ताप चढला, कोणाचा हात मोडला, की अधीक्षक आमचे दार ठोठावीत आणि आम्ही मुलाला मागच्या सीटवर निजवून साताऱ्याचा रस्ता धरीत असू. वाटेत खंबाटकीचा घाट. २०१२ च्या सुमारास त्या चढावर गाडी दम टाकू लागली. मागून निळसर धूर निघे, दर आठवड्याला ऑइल घालावे लागे आणि दुसऱ्या गिअरमध्येही ती कण्हत चढे. मागे मालट्रकांची रांग, पुढे वळण आणि सीटवर तापाने फणफणलेले दुसऱ्याचे लेकरू, अशा वेळी इंजिनाची ताकद हा शौकाचा विषय राहत नाही.

आमच्या त्या माजी विद्यार्थ्याचे महामार्गालगत गॅरेज आहे. दहावीला गणितात काठावर उत्तीर्ण झालेला हा मुलगा आज इंजिनाचा आवाज ऐकून कोणता सिलिंडर नीट चालत नाही ते सांगतो. त्याने गाडी तपासली, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "सर, हे इंजिन थकलं. यात एस्टीमचं टाकू. घाट कधी आला नि कधी गेला, तुम्हांला कळणारसुद्धा नाही. मजुरी मी घेणार नाही, तेवढं आधीच सांगतो."

एस्टीम ही मारुतीचीच मोठी गाडी, १९९४ साली आलेली. तिचे इंजिन झेनमध्ये बसू शकते, यामागे कारण आहे. दोन्ही इंजिने सुझुकीच्या एकाच जी मालिकेतील, सख्ख्या भावांसारखी. झेनच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, तर एस्टीमचा ७४. म्हणजे फरक अवघा दोन मिलिमीटरचा. खरा फरक पिस्टनच्या फेरीत आहे. झेनचा पिस्टन ६१ मिलिमीटर वरखाली होतो, एस्टीमचा ७५.५ मिलिमीटर. एवढ्यानेच ९९३ चे १,२९८ घनसेंटिमीटर होतात. एस्टीमचे पहिले कार्बोरेटरचे इंजिन सुमारे ६५ अश्वशक्तीचे होते. पुढे १९९९ मध्ये सोळा व्हॉल्व्हचे, एमपीएफआय पद्धतीचे इंजिन आले, ते सुमारे ८५ अश्वशक्तीचे. गाडी तीच, वजन जवळजवळ तेच आणि ताकद ७० टक्क्यांनी अधिक! तरुणांना याची भुरळ का पडते, ते एवढ्या आकडेमोडीवरूनच लक्षात यावे.

आम्ही त्याला विचारले, "अरे, जुने काढायचे आणि नवे ठेवायचे, एवढेच ना?" तो हसला आणि त्याने आम्हांला गॅरेजमधील बाकावर बसवून एकेक गोष्ट सांगितली. पुढील तासभर तो शिक्षक होता आणि आम्ही विद्यार्थी.

इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर तोललेले असते, ती नव्या इंजिनाच्या धक्क्यांना पुरली पाहिजेत. लांब फेरीच्या इंजिनाची उंची बॉनेटखाली मावते की नाही, ते आधी मोजले पाहिजे. जुनी क्लच प्लेट वाढलेल्या जोरापुढे घसरू लागते. गिअर बॉक्स झेनचाच ठेवावा की एस्टीमचा आणावा, हे ठरवावे लागते; कारण चाकांपर्यंत जोर पोहोचविणारे शाफ्ट त्यावर अवलंबून असतात. मोठे इंजिन अधिक उष्णता निर्माण करते, म्हणून रेडिएटर आणि पंखा त्या मानाने हवेत. धूर बाहेर टाकणारा पाइप अरुंद राहिला तर वाढलेली ताकद तेथेच गुदमरते. एमपीएफआय इंजिन घ्यावयाचे झाले, तर जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत दाबाने पेट्रोल पाठविणारा पंप नाही, तो दाब सोसणाऱ्या नळ्या नाहीत, इंजिनाला आज्ञा देणारा संगणक नाही आणि त्याच्या वायरिंगचे जाळेही नाही. हे सारे उभे करावे लागते. "सर, इंजिन दोन दिवसांत बसतं," तो म्हणाला, "बाकीचं जमवायला दोन महिने जातात. आणि लोकांना ते दोन दिवसच दिसतात."

त्यानंतर त्याने ब्रेकचा विषय काढला. धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. पण त्याचा अर्थ त्या बाकावर उमगला. ताशी ६० किलोमीटरचा वेग ९० झाला, म्हणजे दीडपट झाला, तर ती ऊर्जा सव्वादोनपट होते. गाडी थांबविताना ती सगळी ब्रेकच्या पॅडांनी उष्णतेत जिरवावयाची असते. ज्या ब्रेकची आखणी ५० अश्वशक्तीच्या गाडीसाठी झाली, त्यांच्यावर ८५ अश्वशक्तीने गाठलेला वेग सोपविणे, हे धोक्याचे काम आहे. इंजिन वेग देते, पण त्या वेगातून माणसाला सुखरूप खाली उतरविणारे यंत्र दुसरेच असते.

मोटारीच्या इतिहासातही याचे बोलके उदाहरण सापडते. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली इंग्लंडमधील छोटी मिनी गाडी १९५९ साली आली, तेव्हा तिचे इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे, सुमारे ३४ अश्वशक्तीचे होते. शर्यतीच्या गाड्या बनविणारे जॉन कूपर यांना या गाडीत अधिक दम दिसला आणि १९६१ साली मिनी कूपर तयार झाली. इंजिन ९९७ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ५५ अश्वशक्ती. परंतु ताकद वाढविताना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसविण्यात आले. याच घराण्यातील कूपर एस गाडीने १९६४ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या विजयात ब्रेकचा वाटा किती होता, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

शेवटी आम्ही आमच्या विषयाकडे, म्हणजे कागदाकडे वळलो. प्रत्येक इंजिनाच्या ब्लॉकवर क्रमांक कोरलेला असतो आणि तोच नोंदणीपत्रावर असतो. नोंदणीच्या वेळी चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा छाप घेतात. पुराभिलेखाचे अभ्यासक शिलालेखाचे ठसे घेतात, त्याहून ही क्रिया फारशी निराळी नाही. हेतूही तोच : ही वस्तू कोणती, कोणाची आणि तिच्याविषयी लिहिले आहे ते खरे आहे काय, याचा पुरावा राखणे. भंगारातून आणलेले इंजिन चोरीच्या गाडीचे नाही, हे बिलावाचून कोणी कसे मानावे? शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की, निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच प्रकारचे इंजिन परवानगीने बदलून त्याची नोंद करून घेता येते; ९९३ च्या जागी १,२९८ घनसेंटिमीटरचे बसवून रस्त्यावर आणणे ही वेगळी गोष्ट होय.

काहींना हा कारकुनी अडथळा वाटतो. आम्हांला तसे वाटत नाही. रस्त्यावर आपल्या गाडीखाली कोणी सापडला, तर तो बहुधा पायी चालणारा, सायकलवरचा, डोक्यावर ओझे घेतलेला असतो. त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळावी म्हणूनच तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा केला आहे. गाडीतील इंजिन एक आणि कागदावर दुसरे, अशी स्थिती असली की विम्याच्या दाव्यात वाद उभा राहण्यास जागा मिळते. आणि ज्याने त्या इंजिनाचा आवाजही कधी ऐकला नव्हता, त्याची विधवा न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहते. ज्यांच्यापाशी दुसरे काही नसते, त्यांच्यासाठी नोंद ही किती मोठी गोष्ट असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आम्ही त्याला एवढेच म्हटले, "बाळ, या गाडीत दुसऱ्यांची मुले बसतात. त्यांचे आईबाप शेतात नाहीतर वीटभट्टीवर असतात. ते काही आपले कागद तपासायला येणार नाहीत. म्हणून ते आपणच तपासले पाहिजेत." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तर मग आहे तेच इंजिन नवं करू, सर."

त्याने जुने इंजिन उतरविले आणि सबंध खोलले. सिलिंडर बोअर करून घेतले, ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घासून बसविले, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट आणि माउंटिंग बदलली, कार्बोरेटर साफ केला. चारही चाकांचे ब्रेक नवे केले. ब्लॉक तोच राहिला, म्हणून क्रमांकही तोच राहिला. पहिले हजार किलोमीटर आम्ही गाडी सावकाश चालविली. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे त्याच वर्षी नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे होते. निरीक्षकांनी क्रमांक ताडून पाहिले आणि पुढील पाच वर्षांची मुदत मिळाली. खंबाटकीच्या चढावर गाडी पूर्वीप्रमाणे दुसऱ्या गिअरमध्येच चढे, पण कण्हत नसे. आजारी मुलाला साताऱ्यास पोहोचविण्यासाठी ५० अश्वशक्ती पुरेशा होत्या. फक्त त्या पन्नासच्या पन्नास मिळावयास हव्या होत्या.

त्याची एस्टीमच्या इंजिनाची हौस मात्र पुढे फिटली. बंदिस्त मैदानावरील स्पर्धांसाठी एका ग्राहकाला झेन तयार करून हवी होती. ती पाहण्यास त्याने आम्हांला मुद्दाम बोलाविले. त्याने प्रथम मोठे ब्रेक बसविले होते, मग सस्पेन्शन, मग रेडिएटर. आणि चेन ब्लॉकला लटकणारे इंजिन सर्वांत शेवटी खाली उतरले. ती गाडी रस्त्यावरून धावत नाही. मैदानापर्यंत टेम्पोत चढवून नेतात. इंजिन सुरू झाले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो आम्ही पदवीदान समारंभांतही क्वचित पाहिला आहे.

ही गाडी पाहून कितीतरी तरुण त्याच्याकडे येतात आणि रस्त्यावर चालविण्यासाठी तसेच करून मागतात. तो नकार देतो. आपल्याच एका माजी विद्यार्थ्याचा मुलगा रोख रक्कम घेऊन आला होता. "तुम्ही नाही केलं तर दुसरीकडे करीन," असे म्हणाला. त्याने त्या मुलाला संध्याकाळपर्यंत गॅरेजमध्ये थांबवून घेतले आणि अपघातात दबून आलेल्या एका गाडीचे ब्रेक त्याच्याच हातांनी खोलावयास लावले. तो मुलगा पुन्हा ते काम घेऊन आला नाही. आज मोटार मेकॅनिकच्या शाखेत शिकतो आहे आणि सुट्टीत त्याच गॅरेजमध्ये काम करतो. असा नकार देताना हातचे उत्पन्न जाते, हे आम्हांला ठाऊक आहे. गॅरेजचे भाडे आणि दोन पोरांचे पगार चुकत नाहीत.

त्या गॅरेजमध्ये एक जाड नोंदवही आहे. उघडलेल्या प्रत्येक इंजिनाचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, बदललेले भाग, ते कोठून आणले आणि काम कोणी केले, हे सारे तारखेसह तीत लिहिलेले असते. कार्ले येथील चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याचा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांनंतरही त्या कारागिराचे नाव आपण वाचू शकतो, ते त्याची नोंद झाली म्हणून. ही वही पाहताना आम्हांला तो लेख आठवला.

माजी विद्यार्थी आणि पालक मित्रहो, आपल्यापैकी ज्यांची मुले हातात पाना धरू इच्छितात, त्यांनी मनात कमीपणा आणू नये. त्यांना जरूर शिकू द्यावे. मात्र इंजिनाची ताकद वाढविण्यापूर्वी ब्रेकचा हिशेब करावयास आणि काम संपताच त्याची नोंद लिहावयास त्यांना शिकवावे. आमच्या या विद्यार्थ्याने आठवड्यातून एक दिवस अशा मुलांसाठी गॅरेज खुले ठेवण्याची तयारी दाखविली आहे. ज्यांना इच्छा असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावे.