पंचम टाळून

पौड, ता. मुळशी

चि. ईरा,


तुझं पत्र मिळालं. प्रोग्रेसिव्ह जॅझ म्हणजे काय, असं विचारलंयस. हे नाव गाजवलं स्टॅन केंटनने. १९४७ साली त्याने आपल्या ऑर्केस्ट्राचं वर्णनच तसं केलं. तोवर मोठे बँड मुख्यतः नाचासाठी वाजत. याला लोक खुर्चीत बसून ऐकायला हवे होते. पाच ट्रंपेट, पाच ट्रोम्बोन, पाच सॅक्सोफोन, आणि पितळी वाद्यं इतकी चढी की आवाज कमी करायला आपोआप हात जातो. मला केंटन फार वेळ सोसत नाही, पण त्याचा अरेंजर पीट रुगोलो सोसतो. तो फ्रेंच संगीतकार दारियस मियोचा शिष्य. जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकही मियोकडेच शिकला.

हा ब्रूबेक १९५८ साली मुंबईत आला आणि अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवून गेला. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच सुमारास हिंदुस्थानी राग सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी लिहीत होते. मुंबईत आलेल्या अशा गोवेकर वादकांचं नोटेशन चर्चच्या शाळेत पक्कं झालेलं. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनची गाणी अरेंज केली, पण पडद्यावर मोठं नाव संगीतकाराचंच झळके. हे मला अजून खुपतं.

शंकर-जयकिशननी १९६८ साली 'रागा जॅझ स्टाइल' ही तबकडी काढली. अकरा राग, सतारीवर रईस खाँ. सगळीच थोर नाही. काही ठिकाणी जॅझ नुसता मागे टाळ कुटतो. पण त्यातला मालकंस काढून ऐक आणि मग पियानोवर बस. षड्जावर साधा मायनर कॉर्ड धरलास की त्यात पंचम येतो, आणि पंचम आला की मालकंस गेला. रागातल्या स्वरांत बसणारा मायनर एकच, म-ध-सा. तो सारखा वाजवलास तर कान मध्यमालाच षड्ज समजू लागतो. यावर तोड अशी: तीन स्वरांचा ठरीव कॉर्ड सोडून दे आणि सा-मपासून त्याच अंतराने चढत जा. सा, म, नि, ग, ध. रागाचे पाचही स्वर आले, बाहेरचा एकही नाही! साठच्या दशकात जॅझवाले असेच चौथ्या-चौथ्या स्वराचे थर रचायला लागले. आपल्याकडे मालकंसाला तंबोरा मध्यमात लावतात, ते उगीच नव्हे.

इथे ताम्हिणीकडे पाऊस कोसळतोय. मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते, ती मुंबईला जाते, आणि माझा रेकॉर्ड प्लेअर काल संध्याकाळपासून गप्प आहे. म्हणून हे सगळं पेटीवर तपासून लिहिलंय.

आता तू एक कर. मालकंसातल्या सोळा मात्रा चार सॅक्सोफोनांसाठी लिही. सर्वांत खालच्याला षड्ज दे, पण तो धरून ठेवू देऊ नकोस. कागदाचा फोटो नको, पोस्टाने पाठव. मला पेन्सिलीने खुणा करायच्या आहेत.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा